न संपणारा बोंबलांचा डबा

सांडोरच्या फर्डिनंड सरांनी उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चच्या पायरीवर, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "उपासाचे चाळीस दिवस मी मासळीला हात लावणार नाही." कोणी विचारलं नव्हतं. पण छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला न विचारलेलं सांगायची खोड असतेच.

सर टिकले चार दिवस. पाचव्या दिवशी वाडीत केळीचा वाळका पाला जाळायला म्हणून गेले आणि त्या आगीवर सुका बोंबील भाजून खाल्ला. धुरात वास लपतो, ही विज्ञानाच्या शिक्षकाची अक्कल. वास माणसांपासून लपला, बेबीपासून नाही.

बेबी ही त्यांची सोळा वर्षांची मांजर. लेक जीना कॅनडाला गेली तेव्हा जाताना तिला सरांच्या मांडीवर ठेवून गेली, आणि सर तेव्हापासून मांडी हलवायलाही तिची परवानगी घेत. वर्षभर तिचं पोट नाजूक होतं. डॉक्टरांनी मासळी बंद करून उकडलेला भोपळा सांगितला होता. पण वाडीत ती समोर बसून अशी टक लावायची, की सरांना वाटे ही घरी जाऊन चहाडी करणार. मग डोकं आणि काटा तिच्यापुढे. लाच म्हणा हवं तर. रोजचा पाला, रोजचा बोंबील. आणि घरातला बोंबलांचा डबा काही केल्या रिकामा होत नव्हता, यात सरांना चक्क देवाची संमती दिसत होती.

तिसऱ्या आठवड्यात बेबीने खाणं सोडलं. चार दिवस शी नाही, पोट टणक. सरांनी बायकोलाच झापलं, "कार्मिन, तूच लाडाने काहीबाही घालतेस तिला." कार्मिनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि भोपळा कुस्करत राहिली.

प्राण्यांच्या डॉक्टर आर्याने एक्स-रे काढला. "काका, आतड्यात काहीतरी गच्च बसलंय. गाठ असेल तर ऑपरेशन, आणि या वयात ती टेबलवरून उठेलच असं मी नाही सांगू शकत. काटेबिटे खाल्ले असतील तर एनिमाने ट्राय करू. नीट आठवून सांगा, काय खाल्लं तिने?"

"भोपळा," सर म्हणाले.

तोंडातून निघूनच गेलं. बेबीने त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकली. सरांना स्वतःची शिसारी आली. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि आता स्वतःची अब्रू वाचवायला हिचं पोट फाडायला निघालो.

"बोंबील," ते म्हणाले. "सुके. डोकी, काटे. रोज. मी चोरून खात होतो, आणि तिला मीच देत होतो." कार्मिनकडे बघायची छाती होईना. "तुझ्यावर उगाच आळ घेतला."

आर्याने हातमोजे चढवले आणि दोघांना बाहेर बाकावर बसवलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," कार्मिन म्हणाली. "मिशीला वास येत होता तुमच्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला मासळीशिवाय घास उतरत नाही. वाटलं, म्हातारा खातोय तर खाऊ दे. पाचूबंदरच्या कोळणींकडून आणून डबा मीच भरत होते." तिने पदराने डोळे पुसले. "एवढे एकटे कसे खाता, एवढंच कळत नव्हतं. मी भरला नसता, तर तिच्या पोटात गेले नसते."

सरांनी तिचा हात धरला.

तेवढ्यात दाराखालून अशी काही दुर्गंधी आली, की बाकावरचा तिसरा माणूस आपला कुत्रा घेऊन रस्त्यावर गेला. आर्याने दार उघडलं. "काका, झाली मोकळी." सर तिथेच रडले. एवढ्या घाणेरड्या वासावर आपण रडू, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून घरात तिघांना भोपळा. इस्टरला चर्चच्या त्याच पायरीवर सर उभे राहिले आणि त्याच आवाजात म्हणाले, "यंदा उपास मी मोडला. पाळायला लावला तो मांजरीने."

कोणी विचारलं नव्हतं.