विणणारी बाई

लेखिकेने पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि तिथे आईला बसवलं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत हीटर होता, पण तो फक्त अध्यक्षांवर मेहेरबान होता. तिची कथा वाचकमंडळातल्या सगळ्यांना आधीच वाचायला दिली होती, आईलाही. आज त्या कथेवर चर्चा होती.

कथा साधीच. तापाने फणफणलेली लहान मुलगी आईला बोलवायला शेजारच्या घरी जाते. आई बायकांत विणत बसलेली. मान वर न करता ती म्हणते, "एवढी ओळ होऊ दे." मुलगी उंबऱ्यावर बसून राहते. ओळी काही संपत नाहीत.

खरं तर तिथे विणकाम नव्हतंच. पत्ते होते, आणि शब्द होते, "एवढा डाव होऊ दे." रोज दुपारी, वर्षानुवर्षं. लिहिताना लेखिकेचा हात कचरला. चारचौघांत आईची शोभा नको म्हणून तिने पत्त्यांच्या जागी सुया दिल्या. तेवढा एक बदल सोडला तर बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. उंबरा, ताप, न वळलेली मान. आई ओळखणारच, अशी तिची खात्री होती. एकदाच आईने म्हणावं, ती मीच गं. सगळा खटाटोप त्यासाठी होता.

"विणकाम हे सृजनाचं प्रतीक आहे," अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त प्राध्यापक होते आणि निवृत्ती त्यांना मानवली नव्हती. "ही आई मूल घडवायचं सोडून लोकर घडवते."

"मला तर ती बिचारी वाटली," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात तिला कोण विचारत होतं? घटकाभर मन रमवलं तर काय बिघडलं?"

"अहो, पोर तापलंय!" मागून औषधांचे दुकानदार ओरडले.

अध्यक्ष हसले. "आपण लेखिकेच्या आईंनाच विचारू या."

लेखिकेने मांडीवरची मूठ आवळली. आई उठली. तिचे डोळे खरोखरच भरून आले होते.

"मला त्या प्रतीकातलं काही कळत नाही. पण ती बाई आई म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही. लेकरू दारात बसलंय आणि हिला वळून बघवत नाही? वाचताना माझ्या घशाखाली घास उतरेना."

टाळ्या पडल्या. डॉक्टरीणबाईंनीही वाजवल्या. लोक बघत होते म्हणून लेखिकेनेही वाजवल्या. तळहातांची तिला चीड आली.

उतरताना जिन्यात आईने तिचा दंड धरला आणि आवाज खाली आणला.

"तुझ्या सासूवर लिहिलंस ना?"

"काय?"

"मला का कळत नाही? सारख्या विणत असतात त्या. जावईबापूंचे लहानपणी हेच हाल झाले असणार. मुलाची मुलगी केलीस, हुशार आहेस हो! मी नाही कुठे बोलणार."

लेखिकेच्या अंगात सासूने विणलेला स्वेटर होता. आजवर अंगात घातलेल्या कपड्यांत तिच्या मापाचा म्हणून घरच्या कुणी केलेला तो पहिलाच.

"आई, ते विणकाम नव्हतं. पत्ते होते."

"पत्ते? छे!" आईने हात झटकला. "पत्ते आम्हीही खेळायचो की. पण पोरांचं सगळं बघून. पत्त्यांपायी असं कुणी करत नाही."

लेखिकेला ओरडावंसं वाटलं. तिने कठडा धरला.

"बरं, त्या पोरीचं पुढे काय झालं गं?" आईने विचारलं. आवाजात खरी कळकळ होती. "लिहिलं नाहीस तू ते. बरी झाली का?"

हे कुणी विचारावं म्हणून लेखिकेने अर्धं आयुष्य घालवलं होतं. कुठून सुरुवात करावी ते तिला सुचेना.

"आई, ती ना..."

पण आई तोवर चार पायऱ्या खाली पोचली होती. पुढे चाललेल्या डॉक्टरीणबाईंना ती हाका मारत होती.

"अहो, थांबा ना! कुठल्या बाजूला जाताय? मला सोडाल का?"