शून्य कार्बनची ज्वाळा

फलक पहिला, वळणावर: ‘दिव्य निर्झर. पर्यावरणपूरक चमत्कार. प्लास्टिक आणू नये.’

फलकाखाली रिकाम्या बाटल्यांचा ढीग. बहुधा आपल्या पायांनी चालत आल्या असाव्यात.

पुढे गर्दी. भिलाईतून, सुपेल्याहून सात बसगाड्या, जुनवानीच्या मोटारी, वैशाली नगरातलं अख्खं भजनी मंडळ. कोसमटोल्याच्या झऱ्यावर म्हणे पाणी पेटतं! आणि पेटलंच. निर्झरानंद महाराजांनी मंत्र पुटपुटला, पाणी खदखदलं, जळता कापूर पुढे झाला आणि भक्कन ज्वाळा उठली.

“भक्तों, ऑर्गॅनिक अग्नी! धरतीमाता की साँस! शून्य कार्बन!”

शून्य कार्बनची काळीकुट्ट काजळी उडाली आणि महाराजांच्याच भगव्या खांद्यावर बसली.

नलूने हात जोडले. तिच्या नवऱ्याचे, तेजरामचे, हात अर्ध्यावरच थांबले. नाकाने अडवलं. कारखान्यात एकतीस वर्षं गॅसने लोखंड कापणाऱ्याचं नाक ते.

“लसणाचा वास येऊन राहिला.”

“भंडाऱ्याच्या जेवणाची फोडणी असन.”

“फोडणी नाही, कार्बाइड हाय.”

“देवाच्या दारी बी तुमचं नाक ड्यूटीवरच!”

फलक दुसरा, काठावर: ‘निसर्ग जपा. दर्शन रांगेतूनच.’

रांग रेणूच्या अंगणातून. रेणू तेजरामची पुतणी, या गावात दिलेली. गावातल्या बायांना घेऊन तिने पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या होत्या. दिवसाला वीस माणसं, घरचं जेवण, रानातली पायवाट. आपला कचरा आपण परत न्यायचा. आता दिवसाला दोन हजार. शांततेसाठी येणारे पाहुणे पळाले, अंगणात गाड्या लागल्या.

“काका, खोल्या गेल्या तं गेल्या. पण आमी हेच पाणी पितो,” रेणू म्हणाली. “आठ दिवसांपासून पांढरं येऊन राहिलं, मासे मेले. महाराज म्हणते, दूध प्रकटलं!”

नलूने हातातली बाटली पदराआड लपवली. तिच्यात ते ‘दूध’च होतं.

तेजरामने पायजमा खोचला आणि थेट झऱ्यात पाय टाकला.

“पापी! भस्म हो जाएगा!”

“कापूर विझवा. मंग नाही होत.”

विझवावाच लागला, काठावरच्या बायाच विझवायला पुढे झाल्या. तेजरामने दगडाखालची दोरी ओढली. एका टोकाला राखाडी खड्यांची पोटली निघाली. दुसरं टोक महाराजांच्या आसनाखाली गेलं होतं. मंत्र म्हणताना दोरी सैल करायची की पोटली पाण्यात, एवढीच सिद्धी.

त्याने एक खडा रेणूच्या बादलीत टाकला. पाणी खदखदलं. “मांगं सरका सारे!” लांब काठीला कापूर बांधला, पेटवून पुढे केला. तीच ज्वाळा. मंत्र नव्हता.

“कार्बाइडले पाणी लागलं का गॅस निघते. जळते ते गॅस, पाणी नाही. खाली उरते तो चुना. तेच तुमचं दूध. आन् ही काजळी म्हणजेच कार्बन!”

“ये भी ईश्वर की लीला है,” महाराज म्हणाले.

“मंग सुपेल्याच्या हर वेल्डिंग दुकानात ईश्वर बसला हाय. तिथंच आसन मांडा ना, हा झरा कावून नासवता?”

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. नलू तेवढी हसली नाही. तिने बाटली काढली, झऱ्यापासून दूर नेऊन ओतली.

“भूमिकाले पाजणार होते मी हे,” ती म्हणाली. “आपल्या नातीले.”

महाराज मोटारीतून गेले. ती मात्र शून्य धुराची नव्हती.

फलक तिसरा. रेणूने बादलीच्या काठावरच्या काजळीने लिहिला:

‘या झऱ्यात पाणी आहे. तेवढं पुरे आहे. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी हुंगा, बघा, विचारा. जाताना आपली बाटली घेऊन जा.’