पातळ कड्या

पाकीट फोडायला संख्याशास्त्रज्ञांनी कात्री मागितली आणि सरांना नेमकं तेव्हाच अक्काचं पत्र आठवलं.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे ती उजवा पाय ओढत चालायला लागली, त्याच वर्षी तिने लिहिलं होतं, ‘बाळ्या, तुझा लेख वाचला. माझ्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी माझ्याच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात, एवढं कळलं. घर फिरलं की वासेही फिरतात, त्यातलाच प्रकार. पण एवढ्या फौजेत माझ्या बाजूचं एकही कुणी नाही का रे?’

तेव्हा सरांना उत्तर ठाऊक नव्हतं. पुढे एकदा उंदरांवरच्या प्रयोगात ते सापडल्यासारखं वाटलं. काही पांढऱ्या पेशी कुरतडायचं सोडून दुरुस्तीला हातभार लावताना दिसल्या. सरांनी उत्तर लिहिलं, पाकिटाला तिकीटही लावलं, आणि मग जिवाला चैन पडेना. सूक्ष्मदर्शकाखालची कुठली काच कुठल्या उंदराची, हे त्यांना मोजतानाच माहीत होतं. डोळे काय, धन्याला हवं ते दाखवतात. खुणा झाकून पुन्हा मोजलं, तर फरक विरून गेला. उत्तर केराच्या टोपलीत गेलं. अक्काने पुन्हा कधी विचारलं नाही. भेट झाली की सर तिच्या चाकाच्या खुर्चीचे स्क्रू घट्ट करत बसायचे.

पांढऱ्या पेशींच्या त्या गर्दीतून दुरुस्ती करणाऱ्या तेवढ्याच पेशी वेगळ्या काढायला शिकण्यातच पुढची सगळी वर्षं गेली. या वेळी आवरण झिजलेल्या निम्म्या उंदरांना त्या पेशी दिल्या होत्या, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. आवरण नव्याने आलं तर ते जुन्यापेक्षा पातळ असतं. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूभोवती बारीक कडी दिसते. त्या कड्या सरांच्या सहकारी बाईंनी मोजल्या होत्या. सरांनी स्वतःला काचांजवळ फिरकूही दिलं नव्हतं. कुठल्या उंदराला काय दिलं, ते फक्त त्या पाकिटात होतं.

“सर, बसा की,” बाई म्हणाल्या. “येरझाऱ्या घालून फरशी झिजवाल.”

“मी उभाच बरा.”

“चष्मा कुठे गेला माझा?” संख्याशास्त्रज्ञ टेबल चाचपत होते.

“कपाळावर,” दोघंही एकदम म्हणाले.

कागद उलगडला. संख्याशास्त्रज्ञ एकेक क्रमांक वाचू लागले, बाई फळ्यावर दोन रांगांत आकडे मांडू लागल्या. सर फळ्याकडे पाठ करून खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. खडूचा आवाज तेवढा ऐकू येत होता. तो आधी भरभर आला, मग अडखळला, आणि मग थांबला.

“सर, वळा.”

“तूच सांग.”

“पेशी दिलेल्यांत कड्या दुपटीहून जास्त आहेत.”

“क्रमांक उलटसुलट झाले नसतील ना?”

“नाही झाले.”

“पण एखादा उंदीर मुळातच—”

“अहो, शंका काढायचा पगार मी घेतो,” संख्याशास्त्रज्ञ म्हणाले. “माझ्या पोटावर पाय देऊ नका. फरक आहे.”

सर वळले. फळा पाहिला, मग पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शकावर वाकले. तंतूंभोवती कोवळ्या, पातळ कड्या. एक, शेजारी आणखी एक, आणि कडेला पुन्हा तीन. त्यांना हसू आवरेना. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली, तरी ते बसले नाहीत. त्यांनी फोन लावला.

“अक्का, घरी आहेस?”

“या पायांनी कुठे पळून जाणार? तुला धाप का लागलीय रे?”

“काही नाही. टपाल येईल तुला. बघ.”

“बिल असलं तर तूच भर.”

संध्याकाळी त्यांनी पानभर लिहिलं. त्यात चाचण्या होत्या, अटी होत्या, पण आणि परंतु होते. ते पान त्यांनी बाजूला सारलं आणि दुसरं घेतलं.

‘अक्का, आहे. तुझ्या बाजूचं कुणीतरी आहे. सध्या उंदरांत सापडलंय. माणसांपर्यंत यायला वेळ लागेल, बहुधा तुझ्यामाझ्या आयुष्याहून जास्त. पण आहे. बाळ्या.’

कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र पडल्याचा आवाज त्यांनी स्पष्ट ऐकला. तरी त्यांनी फटीत बोटं घालून पाहिली. आत हात पोचत नव्हता; हे उत्तर आता मागे घेता येणार नव्हतं. सर निवांतपणे घराकडे वळले.