साडेसदुसष्ट किलो

वसईतल्या नंदाखाल गावच्या केळीच्या बागांत वाढलेला मर्विन बोलायला मऊ आणि हाताला लोखंड. वय तेवीस. ज्युनिअर गटातून बेंच प्रेस मारायचं, म्हणजे बाकावर उताणं पडून वजनाची दांडी उचलायचं, २००३ हे त्याचं शेवटचं साल. जिल्ह्यात पहिला आला तर राज्यस्पर्धा, नाहीतर उरलं आयुष्य बागेला पाणी. गट साडेसदुसष्ट किलोचा, अंगाचं वजन त्याच्या वर गेलं की गट सुटला.

पण स्पर्धा आली इस्टरआधीच्या ऐन उपवासकाळात. मटण-कोंबडी सुटली आणि दांडी जड झाली. जिममधला त्याचा जोडीदार संकेत, वसई पूर्वेच्या फ्लॅटमधला, त्याच गटातला. सहा वर्षं दोघं एकमेकांच्या उशाशी दांडी सांभाळत उभे राहिलेले. त्यानेच क्रिएटिन पावडरचा डबा आणून दिला. म्हणाला, मटणात असतं तेच, पण मटण नव्हे. तुझा उपवास उपवासाच्या जागी. मर्विनच्या आईने, मटिल्डाने, तरी फादरना विचारलं. फादर हसले, घेऊ दे म्हणाले.

रोज चार चमचे, वर तांब्यामागून तांब्या पाणी. आठ दिवसांत दांडी फुलासारखी उठू लागली. शर्ट दंडात रुतू लागला, तसा पोर हरखला. वजन बघायला जिममध्ये काटा नव्हता. संकेतने तो दुरुस्तीला वालीवला नेला होता.

विरारच्या हॉलमध्ये सकाळी वजनं झाली. मर्विन अडुसष्ट किलो चारशे. त्याने डब्याचं सांगितलं तसे पंच म्हणाले, अंगाने पाणी धरलंय, ही पावडर घेतली की धरतंच. मर्विन स्वेटर घालून तासभर उन्हात धावला, थुंकला, पुन्हा काट्यावर चढला. अडुसष्टच्या खाली काही येईना. नाव पंच्याहत्तरच्या गटात गेलं.

आधी साडेसदुसष्टचा गट झाला. शेवटच्या उचलीला दांडी हातात द्यायला संकेतने मर्विनलाच बोलावलं. मर्विनने ती दिली, जपून, तान्हं लेकरू द्यावं तशी. एकशे वीस. संकेत पहिला.

मग मर्विनने एकशे पंचवीस मारले. जन्मात एवढे मारले नव्हते. त्या गटात तो चौथा आला.

बाहेर पायरीवर संकेत बुटांच्या नाड्या सोडत होता. मर्विन शेजारी टेकला.

"तू का नाही घेतलीस ती पावडर?"

"माझं वजन काठावर होतं ना."

"माझंही होतं."

"मग तू बघायचंस. सगळं मीच सांगू का?"

"काटा तू नेलास."

संकेतने नाडीतून बोटं काढली नाहीत. "हो," तो म्हणाला. "माझंही शेवटचंच साल होतं रे."

घरी मटिल्डा ओट्यावर वाट बघत होती. पहिला कोण आला, तिने विचारलं. मर्विनने नाव सांगितलं.

"आपला संकेत?" तिचा चेहरा उजळला. "मग घरातच आलं म्हणायचं. इस्टरला जेवायला बोलव हां त्याला. आणि उद्या जिमला जाताना त्याला केळ्यांची फणी ने, पिकलीय बघ."

मर्विन हो म्हणाला. मग विहिरीवर गेला आणि बराच वेळ पाय धूत राहिला.