काचसामान विभाग

आजीने बेसिनच्या तळाला बोट लावलं आणि ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. बोटाला पांढरी धूळ लागली होती.

"ही आमची अद्ययावत प्रयोगशाळा," माहिती देणारी मुलगी म्हणाली. उंच टाचांचे बूट, गळ्यात ओळखपत्र आणि ओठांवर फाटकापासून एकसारखं टिकवलेलं हसू. "सगळं सामान नवीन आहे बरं का."

आजीने नळ सोडला. नळ आधी खोकला, मग घोटभर तांबूस पाणी थुंकून गप्प झाला.

"आज पाणी आलेलं दिसत नाही," मुलगी म्हणाली.

"आज?" आजी म्हणाली. "अगं बाळ, या बेसिनची आणि पाण्याची अजून ओळखच झालेली नाही."

नात मागे उभी होती. अंगाने बारीक म्हणून घरात तिला सगळे काडी म्हणत. तिने आजीच्या कोपराला हळूच धरलं, पण आजी तोवर फळीपाशी पोहोचली होती. काचेची पात्रं उंचीप्रमाणे ओळीने मांडलेली होती, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. तिने एक उचलून उलटं केलं. बुडाला दुकानाची किंमतपट्टी तशीच होती. मग तिने पायाने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. आत नवी कोरी पिशवी आणि चॉकलेटचा एक कागद.

"दुसऱ्या वर्षाची मुलं कुठे आहेत?"

"त्यांची थिअरी चाललीय, मॅडम."

"रक्ताची थिअरी," आजी स्वतःशीच म्हणाली.

काडीने माहितीपुस्तिका उघडली. तिच्यात लॅब टेक्निशियन, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, सगळ्यांचे कोर्स होते आणि प्रत्येक पानावर तोच एक मुलगा वेगवेगळ्या यंत्राजवळ उभा राहून हसत होता.

"परिषदेची मान्यता आहे ना?" तिने विचारलं.

"प्रक्रिया चालू आहे."

"कधीपासून?"

हसू पहिल्यांदाच जरा सैल झालं. "हे तिसरं वर्ष. पण नोकरीची आम्ही हमी देतो. आणि फी हप्त्याने चालेल."

बाहेर येऊन दोघी फाटकाजवळच्या बाकावर बसल्या. आजीने रुमालाने बोट पुसलं, एकदा पुसून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा पुसलं. हे कॉलेज तिनेच निवडलं होतं. इमारत चांगली दिसते म्हणाली होती, बस दारात थांबते म्हणाली होती.

"आता मोठ्या हॉस्पिटलचं राहिलं," काडी म्हणाली.

"त्याच्या भिंतींना ओल आहे."

"मला भिंती नाही शिकायच्या, आजी. तिथे मान्यता आहे. शिकलेली मुलं त्याच हॉस्पिटलात लागतात. फी याच्या निम्मीही नाही. मी तीनदा सांगितलं तुला."

"लांब पडेल."

"तू सव्वीस वर्षं जात होतीस ना? आणि तू तिथल्या लॅबमधली. एखादं माणूस ओळखीचं निघेलच की."

आजीने पर्स उघडली, आत काही शोधल्यासारखं केलं आणि बंद केली.

निघणार होतंच. तिथे तिला पाचपन्नास माणसं ओळखत होती आणि ती कशी ओळखत होती, हीच अडचण होती. ती लॅबमध्ये होती, हे खरं. पांढरा कोट घालायची, हेही खरं. लग्न होऊन सून घरात आली, तिने पहिल्याच आठवड्यात शेजारणीला कौतुकाने सांगितलं, 'आमच्या सासूबाई टेक्निशियन आहेत.' तेव्हा आजीने चहाचा कप तोंडाला लावला होता. तो कप खाली ठेवून 'नाही गं, मी तिथल्या बाटल्या धुते' असं म्हणायला फार तर एवढासा वेळ लागला असता. तो वेळ गेला. पुढे मुलगा लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर झाला, घर पुरेना, म्हणून सून एका कॅन्टीनमध्ये भांडी घासायला लागली. त्या दिवसापासून ती घरात शिरली की आजी म्हणायची, 'लोकांची खरकटी काढून आलीस, आधी हात धू. आम्हीही नोकरी केली, पण मान वर ठेवून केली.' सून हात धुवायची. एकदाही उलटून बोलली नाही. आजी मान वर ठेवून बसायची.

काडी पुस्तिकेची पानं उगाच उलटत होती. तिने काही मागितलं नाही. या पोरीची हीच खोड होती, ती हट्ट करत नसे आणि मग नाही म्हणायला माणसाला धड जागा सापडत नसे.

"ऊठ," आजी म्हणाली. "बस येईल."

"कुठली?"

"तुझ्या ओल्या भिंतींची."

मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला कॉलेज होतं. भिंतींना खरंच ओल होती. जिन्यातला दिवा मिचमिचत होता आणि माहिती द्यायला कुणी हसऱ्या तोंडाची मुलगी नव्हती. लॅबचं दार उघडंच होतं. दारातच तो वास आला, साबण, स्पिरिट आणि त्याखाली दुसरंच काहीतरी, आणि आजीची पाठ आपोआप ताठ झाली.

बेसिन कडेला तडकलेलं होतं, पण ओलं होतं. वापरलेल्या सुयांचा डबा गळ्यापर्यंत भरलेला. बारा-पंधरा मुलं ओळीने उभी राहून परीक्षानळ्या धूत होती. एक आडव्या बांध्याच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेल्या बाई एकेक नळी उजेडात धरून बघत होत्या.

"थेंब थांबलेत," बाई एका मुलाला म्हणाल्या. "परत."

"मॅडम, चौथ्यांदा धुतली."

"मग पाचवी वेळ बाकी आहे. काच स्वच्छ असली की पाणी एकसंध उतरतं. थेंब धरून ठेवते, म्हणजे तिच्या अंगाला अजून काहीतरी आहे. त्या नळीत उद्या कुणाच्या तरी आईचं रक्त असणार."

आजी दाराशीच उभी होती. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं हवेतल्या हवेत हळूच गोल फिरत होती. काडीने ते पाहिलं.

"पहिला महिना आमच्याकडे फक्त धुणं," बाई काडीला म्हणाल्या. "नंतर सुई. बरेच पालक भांडायला येतात, पोरांना भांडी घासायला पाठवलं का म्हणून."

"भांडू देत," आजी म्हणाली. "ब्रश मात्र बदला. केस गळलेत त्याचे. तळाशी पोहोचत नाही तो."

बाईंनी ब्रश उचलून पाहिला आणि मग आजीकडे पाहिलं. त्या नव्या होत्या, ओळखत नव्हत्या. आजीला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचा लगेच रागही आला.

प्रवेश त्याच दिवशी बंद होणार होते. खिडकीशी रांग होती. काडीने भिंतीला फॉर्म टेकवून भरला. आत एक कारकून, चष्मा कपाळावर चढवलेला, कागद नाकाशी नेऊन वाचत होता.

"फी एकरकमी," तो म्हणाला. "आमच्याकडे हप्ते नाहीत."

काडीने आकडा पाहिला. घरातून किती पैसे आणलेत ते तिला ठाऊक होतं. फीच्या साधारण निम्मे.

"काही सवलत असते का? माझी आजी इथे लॅबमध्ये टेक्निशियन होती. फॉर्मवर लिहिलंय बघा, 'नातेवाईक कर्मचारी' या रकान्यात."

"टेक्निशियनच्या घरच्यांना नाही. सफाई आणि धुलाईवाल्यांच्या मुला-नातवंडांना अर्धी फी माफ." त्याने फॉर्म परत सरकवला. "पुढच्या वर्षी बघा."

काडीने फॉर्म घेतला. मधोमध नीट घडी घातली, मग कडा जुळवून आणखी एक. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती रांगेतून बाजूला झाली, मागच्या बाईला पुढे जायला तिने वाटसुद्धा करून दिली.

"थांब," आजी म्हणाली.

तिने पर्स उघडली. या वेळी तिला काय हवंय ते ठाऊक होतं. निवृत्तीचं कार्ड मळलं होतं, कोपरे गोल झाले होते. तिने ते खिडकीतून आत सरकवलं आणि नजर समोरच्या पाटीवर ठेवली. एवढ्या लांबून ती पाटी तिला वाचता येत नव्हती.

कारकुनाने कार्ड नाकाशी नेलं. "काचसामान विभाग," तो मोठ्याने वाचू लागला. मोठ्याने वाचणं ही त्याची सवय असावी. "बाटल्या व नळ्या धुलाई कामगार. सव्वीस वर्षं." त्याने चष्मा खाली घेतला. "अहो, मग आधी सांगायचं ना. पोरीने भलतंच लिहिलंय. ते पद खोडा आणि शेजारी सही करा."

काडीने फॉर्म उलगडला. दोन घड्यांच्या खुणा पडल्या होत्या. तिने पेन हातात घेतलं, आपण लिहिलेल्या शब्दावर एक रेघ मारली आणि कार्डावर बघून बघून नवे शब्द लिहिले. एवढ्याशा चौकोनात ते मावेनात, शेवटचा शब्द समासात गेला.

बसमध्ये काडी खिडकीकडे बसली. आजी वाट बघत होती. पोरीने विचारलं असतं तर तिच्यापाशी उत्तरं तयार होती, दोन-तीन तर चांगली झणझणीत. पण काडी सगळा वेळ बाहेरच बघत राहिली. उतरायच्या वेळी मात्र तिने हात पुढे केला, नेहमीसारखा, आणि आजीने तो धरला.

घरी सून जेवणाची ताटं धूत होती. संध्याकाळचं ऊन ओट्यापर्यंत आलं होतं.

"मिळाला प्रवेश," काडी म्हणाली. ती बूट काढायला खाली वाकली. "मोठ्या हॉस्पिटलच्या कॉलेजात. आणि फी अर्धीच घेतली. मार्कांवर."

"मार्कांवर?" सून वळली. हात ओले, कोपरापर्यंत फेस. तिचं तोंड असं उजळलं की आजीला तिकडे बघवेना. "खरंच? मला वाटलंच होतं. कॅन्टीनमध्ये सांगते उद्या सगळ्यांना."

"सांग ना," काडी म्हणाली आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. आवाज अडखळला नाही. किती सहज निघाली थाप, कुठे शिवण दिसत नव्हती. आजीला वाटलं, आपणच बोलतोय.

आजी अजून दारातच होती. गप्प राहायला काहीच लागणार नव्हतं. खुर्चीवर जाऊन बसायचं आणि चहा मागायचा, एवढंच.

"मार्कांवर नाही," ती म्हणाली. "माझ्या कार्डावर."

"आजी," काडी म्हणाली.

"तू बूट काढ." ती सुनेकडे वळली. "मी तिथे टेक्निशियन कधीच नव्हते. बाटल्या धुवायचे. बाटल्या, नळ्या, काचपट्ट्या. लोकांच्या रक्ताच्या, लघवीच्या, त्याहून वाईट कशाकशाच्या. सव्वीस वर्षं तेच केलं. धुणाऱ्यांच्या नातवंडांना अर्धी फी आहे, म्हणून मिळाली."

नळ चालू होता. सुनेच्या हातात एक ताट होतं आणि त्यावरून फेस हळूहळू खाली घसरत होता. आजी मान वर ठेवूनच उभी होती, आता सवयीने. इतक्या वर्षांचं जे काही यायचं असेल ते येऊ दे, असं तिने मनाशी ठरवलं होतं. सुनेचा हक्कच होता.

सून बेसिनकडे वळली. हातातलं ताट तिने विसळलं, उभं करून ठेवलं. दुसरं घेतलं, तेही विसळलं. तिसऱ्या ताटाशी तिचा हात थांबला.

"गरम पाण्याने धुवायच्या, की गार?" तिने न वळता विचारलं.

ती बाटल्यांबद्दल विचारतेय, हे आजीला क्षणभराने कळलं.

"रक्त असलं तर आधी गार," ती म्हणाली. "गरम लावलं की काचेला धरून बसतं."

"अंड्याच्या ताटांचंही तसंच आहे," सून म्हणाली.