एत्तोरेचा वाटा

पोहे

मधले घ्यावेत. धुऊन निथळत ठेवावेत. नाओमीला एवढं सांगून तिच्या आईने डोळे मिटले, असं पप्पा सांगतात. खरं तर त्यानंतर आई कितीतरी वर्षं जगली, पण गोष्ट चटका लावून संपवायची ही पप्पांची जुनी खोड.

झिराडकरांच्या घरात वर्षातून एकदा मलिदा होतो. पोह्यांत गूळ, खोबरं, वेलदोडा, वर फळं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी माणूस, नवस बोलतो एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला आणि तो फेडतो मलिद्याने. हा नवस पप्पांच्या वडिलांचा, हनोक झिराडकरांचा; इटलीत, तारेच्या कुंपणाआड बोललेला. तो केव्हाच फिटला. तरी दर वर्षी मलिदा करायचा आणि पहिली बशी बाजूला काढायची.

कुणाची? एत्तोरेची.

खोबरं

"मशीनचं?" टेक्का मार्केटातून आणलेल्या पिशवीत पप्पांनी बोट घातलं. "विळीवरचं निराळं लागतं गं. झिराडला आई खवायला बसली की आम्ही भावंडं समोर मांजरांसारखी."

"इथे विळी ठेवली तर ऋता नेमकी तिच्यावर बसेल, पप्पा."

"दॅट थिंग इज अ वेपन, ला!" नात आतून ओरडली.

मलिद्याच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. परदेशात, सेरंगूनच्या या फ्लॅटमध्ये एक पप्पा आणि एक नाओमीचा नवरा अमेय, तोही गोरेगावचा परांजपे. "एलियाहू चालवून घेतो," पप्पा म्हणायचे. "तोही आपल्यासारखा फिरतीवरचाच."

पण या वर्षी पप्पांचा पाय जमिनीवर नव्हता. नवव्या मजल्यावर इटालियन राहायला आला होता. स्तेफानो, वन-नॉर्थला कुठल्याशा लॅबमध्ये नोकरी. पप्पांनी त्याला लिफ्टमध्ये गाठलं. तळमजला आला तरी गोष्ट संपेना, म्हणून त्याला पुन्हा वर नेलं.

"अठ्ठ्याहत्तर पुरी होतील मला," ते नाओमीला म्हणाले. "इटालियन हातात ती बशी एकदा दिली की मी मोकळा."

वेलदोडा

(सोलताना सांगायची गोष्ट. पप्पांच्या घरात वेलदोडा मुका सोलत नाहीत.)

हनोक महायुद्धात इंग्रजांच्या फौजेच्या इस्पितळात शिपाई. लिबियाच्या वाळवंटात पकडला गेला, इटलीच्या डोंगरातल्या छावणीत आला. धर्म सांगितला हिंदू. बरोबरचे गडी साताऱ्या-कोल्हापूरचे. एकानेही तोंड उघडलं नाही. ओळखलं ते पहारेकऱ्याने, एत्तोरेने. उपासाच्या दिवशी हनोक भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होता. एत्तोरेच्या गावचा डॉक्टर असाच पुटपुटायचा. यहुदी म्हणून सरकारने त्याचा दवाखाना बंद केला होता. एत्तोरेने ओठांवर बोट ठेवलं आणि पुढे गेला.

मग सप्टेंबर. इटलीने शस्त्रं खाली ठेवली, छावणीवर जर्मन येणार अशी आवई उठली. त्या सकाळी एत्तोरेने मागचं फाटक उघडलं. अंगातला कोट काढून हनोकच्या अंगावर टाकला. खिशात पाव होता.

पुढे डोंगर, मेंढपाळांच्या झोपड्या, एक हिवाळा. आणि शेवटी झिराड.

गूळ

किसावा. खडे राहिले तर दाताखाली येतात.

शुक्रवारी एमआरटी स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर स्तेफानोने नाओमीला हाक मारली. खाली पोचल्यावर म्हणाला, "मी रविवारी नाही येऊ शकत."

"पप्पा चार दिवस झोपले नाहीत, स्तेफानो."

"माझे आजोबाही सैनिक होते. त्याच हिवाळ्यात. मुसोलिनीच्या बाजूने राहिले ते. आपल्याच गल्लीतल्या यहुद्यांची दारं ठोठावली त्यांनी. एका घरातून शिलाई मशीन आणलं. माझी आई त्याच्यावर शिवण शिकली." तो गाडी येते त्या दिशेला बघत राहिला. "माझे पाळण्यातले कपडे त्याच मशीनवर शिवलेले."

गाडी आली, गेली.

"ये तू," नाओमी म्हणाली. "खा आणि गप्प बस. माझ्या बापाने आयुष्यभर एक चांगला इटालियन जपलाय. तो मोडू नकोस."

फळं

केळं, खजूर, सफरचंद, डाळिंब, पेरू. रविवारी दुपारी पप्पांनी टोपी घातली, प्रार्थना म्हटली. दहा जणांचा आवाज एकट्याने काढताना घसा बसला. मग दोन्ही हातांनी ती बशी उचलून स्तेफानोपुढे धरली.

स्तेफानोने नाओमीकडे पाहिलं. ती खजुरांकडे बघत होती.

"मी घेऊ शकत नाही," तो म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं. मशीनसकट.

ऋताने मोबाइल उलटा ठेवला. अमेय पाणी आणायला उठला आणि तिथेच उभा राहिला. बशी पप्पांच्या हातात तशीच. माझंच चुकलं, तिला वाटलं, याला बोलवायलाच नको होतं.

"कुणाचं होतं मशीन?" पप्पांनी विचारलं.

"शेजाऱ्यांचं."

"नाव?"

"माहीत नाही. घरात कुणी बोलत नाही."

पप्पांनी बशी खाली ठेवली. "नाओमी, माझे वडील हा वाटा का काढायचे, ठाऊक आहे तुला?"

"एत्तोरेच्या उपकारासाठी."

"उपकार मलिद्यात फिटला. हा वाटा काढायचा कारण फाटक उघडल्यावर तो कुठे गेला, ते आम्हाला कधी कळलं नाही. डोंगरात लपला, की दुसऱ्या दिवशी नवा कोट घालून कुणाची दारं ठोठावायला गेला? वडील म्हणायचे, तसं असलं तरी त्या सकाळचा पाव खोटा होत नाही. आणि त्या सकाळच्या पावाने ती दारंही पुसली जात नाहीत."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत, पप्पा."

"वेलदोडे सोलताना बोलायची गोष्ट नाही ही."

मग त्यांनी परातीतून दुसरी बशी भरली, वर केळ्याची जाड फोड ठेवली. "ही पाहुण्याची. ही खायचीच. आमच्याकडे उपाशी पाठवत नाहीत. ती मात्र," त्यांनी पहिल्या बशीवर झाकण घातलं, "नाव घेऊन आलास की. आई आहे ना तुझी?"

"आहे."

"मग विचार."

स्तेफानोने पाहुण्याचा वाटा शेवटच्या पोह्यापर्यंत खाल्ला. मग फोन घेऊन बाहेरच्या गॅलरीत गेला. दाराआडून त्याचं इटालियन ऐकू येऊ लागलं. आधी हळू, मग जोरात.

"काय म्हणतोय?" पप्पा.

"मला कुठे येतं इटालियन?"

"वडिलांना यायचं. मोडकंतोडकं." पप्पांनी खुर्ची दाराकडे वळवली. "झोपेत बोलायचे. आम्ही हसायचो."

संध्याकाळी बाजूची बशी घरातल्यांनी वाटून खायची, ही रीत. ऋताने सवयीने झाकणाला हात लावला.

"राहू दे," नाओमी म्हणाली. "तो अजून बोलतोय."