न मागता आलेली काठी

गल्लीत मला सगळे होबाई म्हणतात. म्हणू देत, कामच तसलं आहे. सरकारने अर्ज बंद केलेत. कुणाला काय लागतं ते सिस्टिमच ओळखते आणि घरपोच देते, फक्त प्रत्येकाचं एकदा ‘हो’ घ्यायचं. ते गोळा करत मी टॅबलेट घेऊन दारोदार फिरते. लोकही खूश आहेत. रांग नको, झेरॉक्स नको, साहेबांच्या मागे लागणं नको. नाही कोण म्हणणार?

आता खरं सांगते. दाराला कुलूप दिसलं की आम्ही बाया शेजारच्या पायरीवर टेकून त्या घराचं ‘हो’ भरून टाकायचो. सगळ्याच करायच्या. आणि मी पहिलं घर कुणाचं भरलं असेल? माझंच. बाबा कामावर होते. बापाला काय विचारायचं, म्हटलं, आणि बोट टेकवलं.

बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे, एकतीस वर्षं. अर्धं शहर त्यांच्या शिव्या खाऊन क्लच सोडायला शिकलं. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तपासणीत दवाखान्याने नोंद केली, दिसत नाही. तेव्हा ते खरंच होतं. बाबा तीन महिने घरी बसले, दोन्ही ऑपरेशनं झाली, आणि लांबच्या पाट्या माझ्याआधी वाचायला लागले. कामावर जायच्या आदल्या दिवशी कुरिअर आलं. एक पांढरी काठी, दृष्टिहीन सवलतीचं कार्ड आणि अभिनंदनाचं पत्र. पत्राच्या शेवटच्या ओळीत लायसन्स रद्द झाल्याचं लिहिलं होतं.

बाबांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. “मी आंधळा आहे हे मला सोडून सगळ्यांना कळलं की,” म्हणाले. आम्ही दोघं हसलो. एका चकरेत काम होईल असं वाटलं होतं.

ऑफिसात खिडक्या काढून तिथे कुंड्या ठेवल्यात. एकच मुलगी बसते.

“ताई, अर्ज लागतच नाही आता.”

“अहो, पण नको असेल तर?”

“नको म्हणायलाही अर्ज नाही. पुढच्या तपासणीत सिस्टिमला आपोआप कळेल.”

पुढची तपासणी दोन वर्षांनी. स्कूलच्या मालकाने बाबांची जागा महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवली होती. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, कुंडी उचलून आपटावीशी वाटली.

मी आमच्या साहेबांना गाठलं. ते दार लोटून म्हणाले, “एकच रस्ता आहे. वडिलांनी ‘हो’ दिलंच नव्हतं असं ठरलं, तर सगळं रद्द होऊन लायसन्स परत मिळेल. घरी चौकशीला माणूस येतो. पण मग ते ‘हो’ कुणी भरलं हे निघणार, आणि तुझी बाकीची चारशे घरंही उघडणार.” नोकरी जाईल हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगून टाकलं. ते बुटांची लेस ओढत बसले.

“मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं की नाही?”

“म्हटलं असतंत.”

“मग विचारायला काय झालं होतं तुला?”

दुसऱ्याच दिवशी मी तक्रार नोंदवली आणि ठरवलं, खरं बोलायचं, जाते तर जाऊ दे नोकरी.

मंगळवारी सकाळी चौकशीचा माणूस आला. मी वाक्य घोकून तयार होते. तेवढ्यात बाबा आतून आले. हातात ती काठी. भिंत चाचपत, खुर्चीचा पाय काठीने शोधत ते बसले आणि त्या माणसाच्या खांद्यापलीकडे बघत राहिले.

“काका, सेवा सुरू करण्याआधी तुम्हाला विचारलं होतं का?”

“विचारलं होतं. मुलीनेच विचारलं. मी हो म्हटलं.”

“आणि ऑपरेशननंतर काही फरक?”

“उजेड कळतो.”

मी तिथेच उभी होते. माझं तोंड कुणी धरलं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी ते गिळलं. लाज वाटली, पण त्याआधी सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगते.

“सेवेबद्दल समाधानी आहात?”

“फार,” बाबा म्हणाले. त्याने त्यांचा अंगठा धरून टॅबलेटवर टेकवला. बाबांनी टेकवू दिला.

वाटलं होतं, तो गेल्यावर काठी फेकून देतील. त्यांनी ती दाराशी नीट उभी करून ठेवली. आता बाहेर जाताना रोज नेतात. कुणी काठीशिवाय फिरताना बघितलं तर तुझं काय, म्हणतात. तेवढं सोडलं तर माझ्याशी फारसं बोलत नाहीत.

काल चौकात त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने गाडी थांबवली, उतरला, आणि मास्तरांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला. घरी आल्यावर बाबांनी काठी जागेवर ठेवली आणि कितीतरी दिवसांनी आपणहून माझ्याशी बोलले.

“हँडब्रेक न लावता उतरला गाढव,” म्हणाले. “समोर दिसत होतं. मला बोलता येईना.”